कसोटी एकच असावी

सातारा शहरात एक शाळा आहे. दिवस पुरता उजाडण्यापूर्वीच तिच्या पटांगणावर कवायतीचे हुकूम ऐकू येऊ लागतात. ही सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातील ही पहिलीच सैनिक शाळा होय. शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि साध्या शिपायांच्या मुलांनाही सेनेत अधिकारी होता यावे, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याची तयारी त्यांना लहानपणापासून करता यावी, या हेतूने ती स्थापन झाली. त्या वेळी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. देवराष्ट्रे या लहानशा गावी जन्मलेल्या आणि कऱ्हाडास शिकलेल्या यशवंतरावांना खेड्यातील विद्यार्थ्यांच्या अडचणी पुस्तकातून समजून घ्याव्या लागल्या नव्हत्या. पुढे दीड वर्षाच्या आतच ते देशाचे संरक्षणमंत्री झाले.

शाळेचा हेतू उदार होता. तथापि त्यात एक उणीव राहून गेली होती. ‘मुले’ या शब्दाचा अर्थ त्या काळी ‘मुलगे’ एवढाच घेतला गेला. गरीब घरातला मुलगा त्या फाटकातून आत जाऊ शकत होता. पण त्याची बहीण, ती अभ्यासात व धावण्यात त्याच्यापुढे असली तरी, फाटकाबाहेरच राहत होती. ही स्थिती साठ वर्षे टिकली. २०१८ साली मिझोराममधील छिंगछिप येथील सैनिक शाळेत प्रथम मुलींना प्रवेश देऊन पाहण्यात आले. तो प्रयोग यशस्वी झाला, आणि २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून देशातील सैनिक शाळांचे दरवाजे मुलींसाठी उघडले.

त्याच वर्षी याहूनही मोठे दार उघडले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींना देता येत नव्हती. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १८ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने मुलींना परीक्षेस बसू द्यावे असा अंतरिम आदेश दिला. तयारीस वेळ हवा, म्हणून मुलींचा प्रवेश पुढील वर्षापासून सुरू करावा, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या परीक्षेसाठी पावणेदोन लाखांहून अधिक मुलींनी अर्ज केले होते. लेखी परीक्षेत त्यांपैकी एक हजाराहून अधिक मुली उत्तीर्ण झाल्या. जागा मात्र होत्या अवघ्या १९. भूदलासाठी १०, हवाई दलासाठी ६ आणि नौदलासाठी ३. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलींना सेनेची आवड नसते असे जे वारंवार सांगितले जात होते, ते खरे नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

या बदलाचे स्वागत सर्वांनी केले, असे मात्र नाही. गावच्या पारावर, एस. टी. च्या प्रवासात, लग्नकार्यात जमलेल्या वडीलमंडळींत याविषयी निरनिराळी मते ऐकू येतात. विरोध करणारे सगळेच दुष्ट किंवा अडाणी असतात, असे समजणे बरोबर नव्हे. त्यांच्या शंका ऐकून घ्याव्यात आणि त्यांना विचाराने उत्तर द्यावे, हेच योग्य. या शंका मुख्यतः तीन आहेत. रणांगण हे पुरुषांचे क्षेत्र आहे, अशी आपली परंपरा सांगते, ही पहिली. स्त्रीचे शरीर या कष्टांना पुरे पडणार नाही, ही दुसरी. आणि स्त्री सीमेवर गेली तर घर कोणी सांभाळावयाचे, ही तिसरी.

प्रथम परंपरेचा विचार करू. सातारा शहराच्या माथ्यावर अजिंक्यतारा उभा आहे. १७०० साली औरंगजेबाने हा किल्ला जिंकला. त्याच वर्षी छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले. आता मराठ्यांचे राज्य संपले, असे बादशहाला वाटले असल्यास नवल नाही. परंतु महाराणी ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढील सात वर्षे त्या बलाढ्य बादशहाशी झुंज दिली. किल्ला परत मिळाल्यावर त्यांनीच त्याला अजिंक्यतारा हे नाव दिले, असे सांगतात. ज्या शहरातील लोक रोज सकाळी हा किल्ला पाहतात, त्यांना युद्ध हे केवळ पुरुषांचे काम आहे असे वाटावे, ही आश्चर्याचीच गोष्ट होय.

यावर कोणी म्हणेल, की ताराबाई राणी होत्या. राजघराण्याचा नियम सामान्य स्त्रियांना कसा लावता येईल? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून सामान्य घरातील उदाहरण पाहावयास हवे, आणि ते फार दूर शोधावे लागत नाही. १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र आणि तुफान सेनेचे कुंडल ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. या लढ्यात नाना पाटलांची कन्या हौसाताई पाटील यांनी शस्त्रे पोहोचविली, सरकारी बंगल्यांवरील हल्ल्यांत भाग घेतला. तुरुंगातील एका सहकाऱ्याला सोडविण्याच्या कामासाठी त्या पोर्तुगिजांच्या गोव्यात गेल्या आणि परतताना लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी रात्री मांडवी नदी पार केली. त्यांच्याप्रमाणेच अनेक घरांतील बायकांनी भूमिगतांना भाकरी पुरविली, निरोप पोहोचविले, पोलिसांच्या मारहाणीला तोंड दिले आणि तोंडून एक शब्दही काढला नाही.

तेव्हा स्त्रिया लढल्या नाहीत असे परंपरा सांगत नाही. परंपरा निराळेच काही सांगते. घराला आग लागली म्हणजे पाण्याची घागर कोणाच्या हातात आहे, हे कोणी पाहत नाही. आग विझल्यावर मात्र घागर उचलणाऱ्या बाईला ‘तुझी जागा चुलीपाशी’ असे सांगण्यात येते. संकटकाळी स्त्रीवर विश्वास टाकावयाचा आणि शांततेच्या काळी तिला शिक्षण, अधिकार व दर्जा नाकारावयाचा, ही रीत जुनी आहे खरी. परंतु एखादी रीत जुनी आहे एवढ्यानेच ती चांगली ठरत नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींना शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हाही लोकांनी परंपरेचेच नाव पुढे केले होते. ज्यांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या घरच्या लेकी-नाती मात्र पुढे शाळेत गेल्या असतील.

दुसरी शंका शरीरबळाची. येथे खोटे बोलून चालणार नाही. सर्व पुरुषांची व सर्व स्त्रियांची सरासरी काढली, तर खांद्याचे व बाहूंचे बळ पुरुषांत अधिक आढळते. सैनिकी प्रवेशासाठी उंची व वजन यांची किमान मापेही स्त्री-पुरुषांना वेगवेगळी ठेवलेली असतात. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. परंतु सेनेत सरासरीची भरती होत नसते. भरती होते ती एकेका व्यक्तीची. प्रत्येक पुरुष सैनिक होऊ शकत नाही, म्हणूनच तर परीक्षा घ्यावी लागते. मग प्रत्येक स्त्री सैनिक होऊ शकणार नाही, हे कारण सांगून जी होऊ शकेल तिलाही परीक्षेस बसू न देणे, हा न्याय कसा म्हणावा?

शिवाय बळ हे काही अंशी निसर्गाने दिलेले असले, तरी बऱ्याच अंशी ते सरावाने येते. माण तालुका हा साताऱ्यातील दुष्काळी प्रदेश. तेथील मोही या गावची ललिता बाबर लहानपणापासून धावत होती. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिलीच भारतीय स्त्री. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ साली बर्लिन येथे धनुर्विद्येत जगज्जेती ठरली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. या मुलींच्या गावांतील पाणी काही वेगळे नव्हते. त्यांना मैदान मिळाले, शिकविणारा मिळाला, आणि घरच्यांनी त्यांना अडविले नाही. एवढेच वेगळे होते.

जगातील अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालय १८०२ साली स्थापन झाले. तेथे मुलींना प्रवेश मिळावयास १९७६ साल उजाडले. त्या पहिल्या वर्षी ११९ मुली आत गेल्या आणि १९८० साली त्यांपैकी ६२ जणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. जवळजवळ निम्म्या मुली गळाल्या, असे यावर कोणी म्हणेल. म्हणो बापडे. गळती मुलांमध्येही होतच होती. आणि ज्या ६२ जणी टिकल्या, त्यांच्यामागून दरवर्षी नव्या मुली येत राहिल्या, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडेही २०२२ साली खडकवासल्यास मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. मुलांबरोबर तीन वर्षे शिक्षण घेऊन ३० मे २०२५ रोजी १७ मुली खेत्रपाल मैदानावरील दीक्षान्त संचलनात चालल्या. त्या दिवशी प्रबोधिनीतून बाहेर पडणारे छात्र तीनशेहून अधिक होते. त्या गर्दीत १७ ही संख्या लहान दिसते. परंतु १९५५ सालापासून खडकवासल्यास चालत आलेल्या संस्थेत त्यापूर्वी हीच संख्या शून्य होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

कसोटी कशी असावी, याविषयीही स्पष्ट विचार हवा. बाजारात धान्याचे पोते उचलावयाचे असेल, तर पोत्याचे वजन उचलणाऱ्याकडे पाहून कमीजास्त होत नाही. रणांगणावर जखमी सहकाऱ्याला खांद्यावर घेऊन जावयाचे असेल, तर त्याचे वजनही बदलत नाही. म्हणून ज्या कामाला जेवढे बळ खरोखर लागते, तेवढे ते काम करणाऱ्या प्रत्येकापाशी असलेच पाहिजे. मग ती स्त्री असो वा पुरुष. येथे सवलत देणे हे सेनेच्या दृष्टीने धोक्याचे आणि त्या स्त्रीच्या दृष्टीने अपमानाचे ठरेल. परंतु ज्या कामाला तेवढे बळ लागतच नाही, तेथे बळाचे निमित्त पुढे करून स्त्रीला बाहेर ठेवणे हाही तितकाच मोठा अन्याय होय. माप कामावरून ठरावे, माणसाच्या जातीवरून किंवा लिंगावरून ठरू नये. कसोटी एकच असावी, याचा अर्थ हाच.

या दृष्टीने पाहता अजून बरेच काम उरले आहे. सैनिकी परिचर्या सेवेत स्त्रिया १८८८ सालापासून आहेत. परंतु वैद्यकीय सेवेबाहेर अधिकारी म्हणून त्यांना घेण्यास भूदलाने १९९२ साली प्रारंभ केला, आणि तोही थोड्या वर्षांच्या नेमणुकीवर. २०१६ साली तीन तरुणी हवाई दलात लढाऊ विमानांच्या वैमानिक झाल्या. भूदलातील स्त्री अधिकाऱ्यांनाही निवृत्तीपर्यंतची कायम नेमणूक मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टर माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल या उच्च पदावर चढल्या. २०२३ साली तोफखान्यात प्रथमच पाच स्त्री अधिकारी दाखल झाल्या. प्रत्येक वेळी आधी ‘हे शक्य नाही’ असे सांगण्यात आले, आणि प्रत्येक वेळी ते शक्य झाले. पायदळ व रणगाडा दल यांविषयीचा प्रश्न २०२५ सालापर्यंत तरी सुटलेला नव्हता. तोही वादविवादाने किंवा भावनेच्या भरात नव्हे, तर प्रत्यक्ष कसोटी घेऊनच सुटावा, हे इष्ट.

तिसरी शंका घराची. ही शंका विचारणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा खरी काळजी असते. परंतु सातारा जिल्ह्यातच तिला एका स्त्रीने उत्तर दिले आहे. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा भागात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांच्यापुढे दोन लहान मुलांचा सांभाळ आणि उरलेले आयुष्य हे दोन्ही प्रश्न उभे होते. त्यांनी सेनेत जाण्याचे ठरविले. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली. परीक्षा मात्र त्यांना इतरांप्रमाणेच द्यावी लागली. आपल्याहून कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत त्यांनी खडतर शिक्षण पूर्ण केले आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

त्यांनी मुलांना दूर ठेवून हे केले, हे योग्य होते काय, असे कोणी विचारील. तर मग दुसरा प्रश्न विचारावा लागेल. कर्नल महाडिक काश्मीरमध्ये होते, तेव्हाही ते मुलांपासून दूरच होते. तेव्हा त्यांना हा प्रश्न कोणी केला होता काय? पित्याचे दूर जाणे हा त्याग आणि मातेचे दूर जाणे हा दोष, हा न्याय सरळ दिसत नाही. मुलांना आई हवी असते, तसेच वडीलही हवे असतात. देशासाठी घर सोडावे लागणे ही गोष्ट दोघांनाही सारखीच कठीण आहे. आणि ती ज्याची त्याने ठरवावी, हेच बरे. प्रत्येक स्त्रीने सेनेत जावे, असे कोणीही म्हणत नाही. प्रत्येक पुरुष तरी कोठे जातो? प्रश्न एवढाच आहे, की जिला जावेसे वाटते आणि जिची योग्यता आहे, तिची वाट अडवावी काय?

खरे पाहता या दोन जिल्ह्यांतील बायकांनी सेनेचे ओझे नेहमीच वाहिले आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. तेथील घराघरांतून माणसे सेनेत जात आली, म्हणून लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मृतीसाठी तेथे दगडी लेख उभारला आहे. त्या जवानांच्या मागे राहिलेल्या आया, बायका, बहिणी यांनी शेते नांगरून घेतली, जनावरे सांभाळली, कर्जे फेडली, मुले वाढविली आणि मोठी झाल्यावर तीही सेनेत पाठविली. त्यांचे नाव कोणत्याही दगडावर नाही. घर सांभाळणे हे लहान काम नव्हे. परंतु जी एवढे मोठे ओझे गणवेशावाचून वाहू शकते, ती गणवेश घातल्यावर दुबळी होईल, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

आता दार उघडले आहे. तथापि दार उघडले म्हणजे सर्व काही झाले, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. दारापर्यंत पोहोचण्यासाठी वाट लागते, आणि ती वाट गावात व घरात तयार व्हावी लागते. सैनिक शाळेच्या सहाव्या इयत्तेत प्रवेश घेताना मुलीचे वय दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान असावे लागते. म्हणजे तिच्या आईवडिलांना ती चौथी-पाचवीत असतानाच विचार करावयास हवा. किती घरांत मुलीविषयी असा विचार होतो? संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर असतो. ‘मुलींना गणित जमत नाही’ असे तिला लहानपणापासून ऐकवले गेले असेल, तर ती त्या पेपरापुढे आधीच हरलेली असते. प्रबोधिनीत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात मिळतो आणि छात्र अविवाहित असावा लागतो. नेमक्या याच वयात खेड्यातील कित्येक घरांत मुलीसाठी स्थळे पाहण्याची बोलणी सुरू होतात. न्यायालयाने उघडलेले दार अशा वेळी घरातल्या घरात बंद होते, आणि त्याचा आवाजही कोणास ऐकू येत नाही.

तेव्हा करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे बिनखर्चाचे आहे. शाळेचे पटांगण संध्याकाळी मुलांइतकेच मुलींनाही मोकळे असावे. दूध, अंडे, भाकरीचा मोठा तुकडा हे मुलाच्या ताटात आधी पडते आणि उरले तर मुलीच्या ताटात जाते, ही जुनी खोड मोडावी. भावाला अभ्यासाला बसवून बहिणीला भांड्यांकडे पाठवावयाचे, हेही थांबावे. सरकारनेही आपला वाटा उचलावा. मुलांना सेनेतील अधिकारपदासाठी तयार करणारी संस्था औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ साली निघाली. मुलींसाठी तशी संस्था नाशिक येथे निघावयास २०२३ साल यावे लागले. उशीर झाला, पण काम झाले. आता सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत तिची माहिती पोहोचली पाहिजे.

मुलींनीही एक गोष्ट मनाशी बाळगावी. गणवेश हा शोभेसाठी नसतो. तो अंगावर चढविणारास प्रथम आज्ञा पाळावयास शिकावे लागते, मगच आज्ञा देता येते. थंडी, ऊन, थकवा आणि भीती यांच्याशी रोज सामना करावा लागतो. कोणी कौतुक करील म्हणून किंवा कोणाला खिजवावे म्हणून या वाटेने जाऊ नये. आणि मुलग्यांनीही हे समजून घ्यावे, की शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी परीक्षेत पुढे गेली, तर तिने कोणाची जागा बळकावलेली नसते. जागा योग्यतेची असते. ज्याला स्वतःच्या बळावर विश्वास आहे, त्याला दुसऱ्याच्या बळाची भीती वाटत नाही.

सेनेचे काम केवळ शत्रूशी लढण्याचे नसते, हेही सांगलीकरांना चांगले ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा नदीला महापूर आला. सांगली शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी घरांच्या छपरांना लागले. माणसे माड्यांवर आणि गच्च्यांवर अडकून पडली. त्या वेळी भूदल व नौदल यांच्या तुकड्या नावा घेऊन धावून आल्या. पाण्यात अडकलेल्या म्हाताऱ्या आजीने नावेतून पुढे आलेला हात धरला, तेव्हा तो हात पुरुषाचा आहे की स्त्रीचा, हे तिने पाहिले नसेल. हात बळकट आहे काय आणि तो सोडणार तर नाही ना, एवढेच तिच्या मनात आले असेल.

देशानेही आपल्या रक्षणकर्त्यांकडे याहून निराळ्या दृष्टीने पाहू नये. हात बळकट असावा, मन निर्भय असावे आणि अंगीकारलेले काम शेवटास नेण्याचा निश्चय असावा. ही कसोटी कठीण आहे, आणि ती कठीणच राहावी. मात्र ती सर्वांना एकच असावी.